पूजेपुरती चार फुलं

भगवंतरावांनी झेंडू लावायचं ठरवलं तेव्हा घरातून त्याला काहीच विरोध झाला नाही, कारण त्यांनी घरात कुणाला सांगितलंच नव्हतं. संजीवनीबाईंना ते समोरच्या केसरबाईंकडून कळलं, केसरबाईंना किसनरावांकडून, आणि किसनरावांना खुद्द नर्सरीवाल्याकडून. म्हणजे बातमी आधी सगळं जळगाव जामोद फिरली, दोनचार ठिकाणी चहा प्याली आणि मग घरी आली.

"अहो, तुमी फुलं लावून राह्यले म्हनते?" संजीवनीबाईंनी पोळी तव्यावर टाकत विचारलं.

"व्यापारी तत्त्वावर," भगवंतराव म्हणाले.

संजीवनीबाईंनी पोळी उलटवली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याच्या तत्त्वांना घाबरणं त्यांनी सोडून दिलं होतं, तरी त्यांनी पदर मात्र खोचून घेतला.

भगवंतरावांची उभी हयात एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून गेली होती. स्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसायचं आणि कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागली ते माइकवरून सांगायचं, हे त्यांचं काम. गाडी कधी येईल हे त्यांच्या हातात नव्हतं, पण ती येणारच हे ते इतक्या ठाम आवाजात सांगायचे की उठून उभे राहिलेले प्रवासी पुन्हा बाकावर बसायचे. निवृत्त झाल्यावर आवाज तसाच राहिला आणि सांगायला गाड्या उरल्या नाहीत. 'चहा झाला आहे' हे वाक्यही ते असं उच्चारायचे की शेजारपाजारी पिशव्या उचलल्या जाव्यात. अशा माणसाला गावाबाहेरच्या वडिलोपार्जित वावरात सोयाबीन पेरून समाधान मिळत नाही. सोयाबीन कुणीही पेरतं, आणि ते कधी निघालं याची कुणी घोषणा करत नाही. फुलाचं तसं नसतं. ठरल्या दिवशी लावलं की ते ठरल्या सणाला उमलतं, असं नर्सरीवाल्याने सांगितलं आणि भगवंतरावांना वाटलं, आपण ज्या वेळापत्रकाची जन्मभर वाट पाहिली ते हेच.

किसनरावांना हे पटलं नाही. किसनरावांचं वावर भगवंतरावांच्या वावराला लागून आणि घर घराला लागून. सल्ला देण्यासाठी पीक कोणतं आहे हे माहीत असण्याची त्यांना गरज पडत नसे.

"भेंडवळले भाकिताचा घट मांडते, त्यात गहू असते, तूर असते, कपाशी असते," ते बांधावर उकिडवे बसून म्हणाले. "झेंडू असते का? नाई. मंग त्याचं भाकीत कोन सांगन? पाऊस आला तं काय, नाई आला तं काय, तुमच्या पिकाले बाप ना माय."

"त्याले भाकीत लागत नाई. त्याले वेळापत्रक असते."

"एसटीले बी व्हतं," किसनराव म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

भगवंतराव नर्सरीकडे निघाले. हे वाक्य त्यांनी काचेच्या खोलीत आयुष्यभर ऐकलं होतं.

रोपं आली, ती संकरित होती. नर्सरीवाल्याने रोपांबरोबर एक इशारा दिला होता: या फुलाचं बी धरू नका, दुसऱ्या पिढीला ते एकसारखं येत नाही, दर वेळी नवी रोपं न्या. हा इशारा भगवंतरावांनी गल्लीत तीनदा जाहीर केला. बायकांनी माना डोलावल्या. श्रावणात रोपं लागली, भगवंतरावांनी पहाटे उठून त्यांना पाणी दिलं, शेंडे खुडले, आळी केली, आणि माणूस म्हणून त्यांना जे श्रेय द्यायला हवं ते इथेच देऊन टाकलेलं बरं: हयातीत हातात माइकशिवाय काही न धरलेल्या त्या गृहस्थाने त्या दीड एकरात गवताची काडी राहू दिली नाही. तळहाताला फोड आले ते त्यांनी कुणाला दाखवले नाहीत. संजीवनीबाईंनी मात्र ते पाहिले आणि रोज रात्री न बोलता खोबरेल तेलाची वाटी त्यांच्या उशाशी ठेवली.

पहिली फुलं उमलली आणि पिकाची सरकारदरबारी नोंद करायची वेळ आली. आता ही नोंद मोबाइलवरून होते. वावरात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तिथूनच पाठवायचा. भगवंतरावांच्या वावरात रेंज नाही. रेंज आहे ती पलीकडच्या पाण्याच्या टाकीपाशी. वावरात उभं राहिलं की फोटो जाईना, आणि टाकीपाशी गेलं की मोबाइल म्हणे, आपण आपल्या शेतात नाही. "मले मालूम आहे," भगवंतराव त्याला मोठ्याने म्हणाले. टाकीखाली म्हशी पाजणाऱ्या माणसाने वळून पाहिलं. शेवटी त्यांनी ताजी फुलं एका पिशवीत भरली, कचेरीत गेले आणि पुरावा म्हणून टेबलावर ओतली. तिथला कारकून सज्जन होता. त्याने फुलांचा वास घेतला, त्यातली चांगली निवडून भिंतीवरच्या गणपतीला वाहिली, हात जोडले, आणि फोटो आला नाही म्हणजे पीक नाही असं सांगून नोंद 'पडीक' अशी कायम केली.

तरी पडीक वावर नवरात्राच्या तोंडाशी असं फुललं की रस्त्याने जाणारी माणसं गाडी थांबवून बघायला लागली. मागे सातपुड्याची निळी रांग आणि पुढे केशरी रंगाचा हा दांडगा पट्टा. भगवंतराव बांधावर हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि कुणी कौतुक केलं की म्हणायचे, "वेळेवर आहे." त्यांना इतका आनंद झाला होता की तो लपवण्यासाठी त्यांना घसा खाकरावा लागे.

आणि त्याच आठवड्यात केसरबाई आल्या.

"भाऊजी, देवीच्या पूजेपुरती चार फुलं पाह्यजे व्हती."

आता आमच्याकडे एक रीत आहे. शेजारणीला साखर नाही म्हणता येते, दळण नाही म्हणता येतं, फार झालं तर स्कूटरची किल्लीही नाही म्हणता येते. पण पूजेसाठी मागितलेल्या फुलाला नाही म्हणणारा माणूस अजून या तालुक्यात जन्मला नाही, आणि जन्मला असेल तर त्याने ते कुणाला कळू दिलेलं नाही. दुसरं असं की यातला 'चार' हा आकडा हिशेबाचा नसून नम्रतेचा असतो. केसरबाईंच्या काखेत कापूस वेचायचं टोपलं होतं.

"घ्या की, वैनी," भगवंतराव म्हणाले.

त्यानंतर गल्ली आली. गल्लीमागून पलीकडची गल्ली आली, शाळेची देवी आली, भाजीबाजाराची देवी आली, रिक्षावाल्यांची देवी आली. सगळ्यांना पूजेपुरती चार फुलं हवी होती, आणि त्यांतूनच दसऱ्याची तोरणंही व्हायची होती. संजीवनीबाई एकदा म्हणाल्या, "अहो, व्यापारी तत्त्व कुठी गेलं?" तेव्हा भगवंतराव म्हणाले की खरा माल दसऱ्याचा असतो, तो खामगावच्या बाजारात जायचा आहे, आणि ही नुसती जाहिरात आहे.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी खरा माल क्रेटांत भरला आणि स्टँडवर नेला. एवढी हयात गेल्यावर खाजगी टेम्पोने माल नेणं त्यांच्या इभ्रतीला शोभणारं नव्हतं. पण त्या दिवशी डेपोत गाड्यांची पूजा असते. जुने ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपची माणसं, सगळे नवे रुमाल बांधून उभे. साहेबांना बघून त्यांना भरून आलं. कुणीतरी चहा आणला, कुणीतरी खुर्ची आणली, आणि मग एक जण क्रेटकडे बघून म्हणाला, "साहेब, गाड्यांच्या पूजेले चार फुलं भेटतीन का?"

ज्या गाड्यांची वाट बघण्यात आपली हयात गेली त्यांना फुलं नाही म्हणणं भगवंतरावांना जमण्यासारखं नव्हतं. त्यांनी स्वतः माळा ओवल्या. त्यातली सर्वांत जाड माळ खामगावच्या गाडीला घालून ते मागे सरकले, जरा लांबून ती सरळ बसली का ते बघितलं, आणि तेवढ्यात ती गाडी वेळेवर सुटली. रिकामे क्रेट खाली राहिले. भगवंतराव ती वळणाआड जाईपर्यंत बघत राहिले. घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले की गाडी फार सुंदर दिसत होती.

दिवाळीच्या झाडझुडीत गल्लीतल्या बायकांनी दारावरची दसऱ्याची वाळलेली तोरणं उतरवली आणि दर वर्षीसारखी हातावर चुरून अंगणात, न्हाणीच्या पाण्याकाठी, उकिरड्याच्या कडेला टाकून दिली. भगवंतरावांनी ते पाहिलं आणि त्यांना राहवलं नाही.

"केसरवैनी, त्याचं बी चांगलं येत नाई. संकरित हाये."

"आमी कुठी पेरून राह्यलो, भाऊजी?" केसरबाई म्हणाल्या. "आमी तं फेकून राह्यलो."

तसंही तेव्हा भगवंतरावांचं सगळं लक्ष दुसरीकडे होतं, कारण त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं, पूनमचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. मुलगा सोनाळ्याचा, नाव दीपक, स्वभावाने मऊ. त्याचे वडील रंगराव मात्र मऊ नव्हते. त्यांची संत्र्याची मोठी बाग होती आणि जगातल्या सगळ्या गोष्टी ते झाडांच्या ओळींत मोजायचे. साक्षगंधाला ते आले, सोफ्यावर बसले, पेढा खाल्ला आणि खिशातून मोबाइल काढून व्याह्यांना म्हणाले, "इवाई, तुमचा सातबारा पाह्यला म्या. वावर पडीक दिसून राह्यलं. काऊन? झेपत नाई का आता?"

बोलण्यात वाईट हेतू नव्हता. रंगराव डॉक्टरलाही असंच विचारत असत. पण बैठकीत पन्नास माणसं होती, त्यांतली निम्मी नवरात्रात टोपली भरून नेलेली, आणि त्यांतला एकही जण काही बोलला नाही, कारण सगळ्यांच्या तोंडात पेढा होता. भगवंतरावांचा चेहरा लाल झाला. ते उठून उभे राहिले आणि स्टँडचा आवाज बाहेर आला.

"पूनमच्या लग्नाले मांडव झेंडूचा राहीन. अन् त्यात एक बी फूल बाहेरचं येनार नाई."

आतल्या खोलीत पूनमने कपाळाला हात लावला. रंगराव खूश झाले. "मंग मी आमच्याकडची सारी मानसं पाह्याले आनतो," ते म्हणाले.

त्या रात्री भगवंतरावांना झोप आली नाही. संजीवनीबाईंना त्यांनी अंधारात सांगितलं ते असं: माझी इज्जत गेली तर मी चार दिवस घराबाहेर पडणार नाही, त्याचं काही नाही. पण पोरगी त्या घरात जन्म काढणार. उद्या भाजीत मीठ कमी पडलं तरी म्हणतील, हिच्या बापाच्या मांडवासारखंच. पूनम त्यांचा जीव होती, आणि हे बोलताना त्यांचा आवाज मुळीच स्टँडचा नव्हता.

लग्नाची तिथी फेब्रुवारीत निघाली. भगवंतरावांनी कॅलेंडर पुढ्यात घेऊन मागे मागे मोजत लावणीची तारीख काढली आणि नवी रोपं लावली. या वेळी त्यांनी वावराला दोनदा कुंपण केलं. रानडुकरं, रोही, वारा, थंडी, सगळ्यांचा बंदोबस्त झाला. झेंडू खरोखरच वेळेवर निघाला. लग्नाला आठवडा असताना कळ्या तटतटून आल्या, अर्धी फुलं उमलली आणि भगवंतराव बहिणीला पत्रिका द्यायला उंद्रीला निघाले. बंदोबस्त फक्त एका गोष्टीचा राहिला होता. तो आठवडा शेगावच्या महाराजांच्या प्रकट दिनाचा होता.

हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आमच्या जिल्ह्यात ज्याला प्रकट दिन माहीत नाही त्याला स्वतःचा वाढदिवसही माहीत नसतो. गावात पालखी निघते, चौकात कमान उभारतात, आणि या वर्षी कमानीचे प्रमुख किसनराव होते. ते आदल्या संध्याकाळी दारात येऊन म्हणालेही होते, "भगवंतराव, महाराजांच्या कमानीपुरती चार फुलं लागतीन."

"घ्या," भगवंतराव म्हणाले. महाराजांना नाही म्हणायचा प्रश्न नव्हता. "उमललेली घ्या फक्त. कळ्या मांडवाले पाह्यजे."

उंद्रीहून ते दुसऱ्या दिवशी दुपारी परतले आणि बस स्टँडला पोचण्याआधीच त्यांना खिडकीतून चौकातली कमान दिसली. तिच्यासारखी कमान गावाने पूर्वी पाहिली नव्हती. दोन्ही बाजूंना खांबांऐवजी झेंडूची अख्खी झाडं बांधलेली, पानं, फांद्या, कळ्या, सगळ्यांसकट. भगवंतराव बसमधून उतरले, चपला काढून त्यांनी हात जोडले आणि तसेच वावरात गेले. वावरात जमिनीलगत कापलेली बुडखं होती. कमानीच्या मंडळींनी फुलं वेचली नव्हती. त्यांनी विळे घेऊन हरभरा सोंगतात तसा झेंडू सोंगला होता.

"कमानीले फांदी लागते," किसनरावांनी समजावलं. त्यांच्या चेहऱ्यावर निर्मळ समाधान होतं. "नुसतं फूल कुठी बांधाचं? अन् तुमचं एक काम वाचलं. रान मोकळं झालं. आता मूग टाका."

महाराजांसाठी झालेल्या कामावर रागावणं शक्य नव्हतं, म्हणून भगवंतराव घरी येऊन पंख्यावर रागावले. पंखा कुरकुरतो यावर ते बराच वेळ बोलले. मग कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडले.

अशा वेळी गाव माणसाला एकटं सोडत नाही. एक जण येऊन म्हणाला, प्लास्टिकची लावा, लग्नानंतर धुऊन बारशाला वापरता येतात. दुसऱ्याने सांगितलं की मांडवाला केळीचे खांब लावून तेच फुलांचे म्हणावेत. किसनराव खुर्ची कॉटजवळ ओढून हळू आवाजात म्हणाले, "अकोल्याहून पहाटीची गाडी भरून आना. अंधारात उतरून घेऊ. कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो ना," भगवंतराव भिंतीला म्हणाले.

हे वाक्य संजीवनीबाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं. या माणसाची तत्त्वं त्यांनी आजवर पुष्कळ ऐकली होती आणि बहुतेकांवर त्या हसल्या होत्या. या वाक्याला मात्र त्या हसल्या नाहीत. त्यांनी हात पुसले, बाहेर येऊन नवऱ्याच्या अंगावरची चादर ओढली आणि म्हणाल्या, "उठा. जरा गल्लीतून फिरून येऊ."

"कायले?"

"तुमी चार महिन्यांत वावराशिवाय कुठी पाह्यलंच नाई. चला."

भगवंतराव चपला घालून निघाले आणि केसरबाईंच्या घरासमोर थबकले. न्हाणीच्या पाण्याकाठी झेंडूची झुडपं कमरेएवढी झाली होती. पुढच्या घरी तुळशीवृंदावनाभोवती झेंडू होता. त्यापुढच्या घरी उकिरड्यावर होता, गोठ्याच्या भिंतीपाशी होता, फुटक्या रांजणात होता. शाळेच्या नळापाशी तर सगळी पाळच पिवळी झाली होती. फुलं नर्सरीवाल्याने सांगितल्याप्रमाणे अगदी बेशिस्त होती. एक केशरी, एक हळदीसारखं, एक काळपट लाल ठिपक्यांचं, एक इवलंसं एकेरी पाकळ्यांचं. दसऱ्याला त्यांच्या वावरातून गेलेली तोरणं वाळून, चुरून, बायकांच्या हातून पडली होती तिथे तिथे उगवून बसली होती, आणि सगळी एकाच वेळी फुलली होती.

"हे आपलेच हायेत?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

"मंग कोनाचे? तुमीच तं सांगितलं व्हतं, बी धरू नका म्हनून. कोनीच धरलं नाई."

आता फक्त मागायचं बाकी होतं, आणि भगवंतरावांना जन्मात काही मागता आलं नव्हतं. स्टँडवरच्या गर्दीत वाट मागायची झाली तरी ते प्रवाशाला 'कृपया' म्हणायचे आणि लाजायचे. घरी परत येऊन त्यांनी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, देवघरातली पितळेची ताटली घेतली आणि समोरच्या दारात जाऊन उभे राहिले. केसरबाई तांदूळ निवडत होत्या.

"वैनी," भगवंतराव म्हणाले. मग थांबले. मग खाकरले. "लग्नात नवरा-नवरी म्हंजे लक्ष्मी-नारायनच. त्यांच्या पूजेपुरती... चार फुलं पाह्यजे व्हती."

केसरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, ताटलीकडे पाहिलं, आणि सुपातले तांदूळ बाजूला ठेवले.

"ताटलीत मांडव मावते का, भाऊजी?" त्या म्हणाल्या. आत जाऊन त्यांनी टोपलं आणलं, तेच कापसाचं, आणि भगवंतरावांच्या हातात दिलं. "लग्नाच्या पहाटी या. आज तोडलं तं कोमेजन."

भगवंतरावांनी ताटली टोपल्यात ठेवली. ते टोपलं घेऊन पुढच्या घरी गेले. दुसऱ्या घरी वाक्य जरा सोपं गेलं, पाचव्या घरी त्यांचा आवाज परत आला, आणि गल्लीच्या टोकाला तर ते पूर्वीच्या थाटात सांगत होते की मांडव लग्नाच्या पहाटे लागणार आहे, सर्वांनी आपापली फुलं घेऊन वेळेवर हजर राहावं. डेपोतून निरोप आला की वर्कशॉपच्या भिंतीमागे, जिथे पूजेच्या माळा फेकल्या होत्या, तिथेही जंगल माजलंय, साहेबांनी माणूस पाठवावा. माणूस पाठवावा लागला नाही. खामगावच्या गाडीचा ड्रायव्हर स्वतः पोतं घेऊन आला.

लग्नाच्या पहाटे बायकांनी मांडव ताब्यात घेतला. भगवंतरावांनी कागदावर एक नकाशा काढला होता, सगळ्या माळा सारख्या अंतरावर दाखवलेला. तो केसरबाईंनी फुलांखाली अंथरायला घेतला. ज्या घरची जशी फुलं तशी त्या घरची माळ झाली, आणि प्रत्येकीला आपली माळ पुढे हवी होती, त्यामुळे मांडवाला चारही बाजू पुढच्याच झाल्या. किसनरावांनी आपल्या गोठ्यामागची पिवळीजर्द फुलं आणून बोहल्याच्या बरोबर वर स्वतः बांधली आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला ती दाखवली. केशरी, पिवळा, लाल, ठिपक्यांचा असा तो मांडव उन्हं आल्यावर असा काही दिसायला लागला की पूनम हळदीच्या अंगाने बाहेर आली आणि बघतच राहिली. "बाबा, कित्ती छान," एवढंच ती म्हणाली. भगवंतराव पाण्याच्या जारकडे बघायला निघून गेले.

रंगराव आपली सगळी माणसं घेऊन आले. मांडवाच्या दारातच ते थांबले. मान वर करून त्यांनी माळा बघितल्या, एका फुलाला हात लावला, दुसऱ्याशी ताडून पाहिलं. बागाईतदाराच्या नजरेतून काही सुटत नाही.

"इवाई," ते म्हणाले, "ही फुलं एका वावरची नाईत. बाहेरून आनली का?"

सनई थांबली होती. या वेळी कुणाच्या तोंडात पेढा नव्हता, आणि गल्लीतल्या दहा जणांनी एकदम बोलायला तोंड उघडलं. भगवंतरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"माह्या वावरातलं यात एक बी फूल नाई," ते म्हणाले. आवाज साधाच होता. "वावरातली सारी महाराजांच्या कमानीले गेली. ही गल्लीतली हायेत. दसऱ्याले माह्या वावरातून पूजेले म्हनून घरोघरी गेली, तोरनं वाळली, यांनी अंगनात फेकली, अन् उगवली. हे थ्या फुलांचे लेकरं हायेत. घरचे म्हनाचे का बाहेरचे, थे तुमीच सांगा."

रंगरावांनी पुन्हा वर पाहिलं. मग त्यांनी मांडवात जमलेल्या माणसांकडे पाहिलं, जी सगळी आपापल्या माळेखाली उभी होती. हिशेब त्यांचा नेहमी ओळींतला असे, आणि इथे ओळ सापडत नव्हती. शेवटी ते म्हणाले, "माह्या बागेत पाच हजार झाडं हायेत. पन माह्या घरी लग्न असलं तं गावातून कोनी संत्र घेऊन येनार नाई." आणि त्यांनी भगवंतरावांना मिठी मारली. बागाईतदाराची मिठी होती, भगवंतरावांचा फेटा पडला. तो किसनरावांनी उचलला आणि कसा बांधायला हवा होता ते सांगायला लागले.

लग्न लागलं. संध्याकाळी पाठवणीच्या वेळी केसरबाईंनी दाराचं तोरण सोडलं आणि पूनमच्या पिशवीत कोंबलं.

"वाळलं का फेकून देजो, पोरी," त्या म्हणाल्या. "पेरजो नको."

पूनम गेली आणि घर रिकामं झालं. भगवंतराव पुष्कळ दिवस कशातच रमेनात. वावरात त्यांनी खरंच मूग टाकला. पूनमचा फोन यायचा, ती म्हणायची, "बरं आहे, बाबा," आणि भगवंतराव फोन ठेवल्यावर संजीवनीबाईंना विचारायचे, या 'बरं'चा अर्थ काय. मोठं घर, मोजणारी माणसं, पोरगी बोलत नाही, पण तिला तिथे कुणी आपलं म्हणत असेल का, ही एकच काळजी त्यांना लागून राहिली होती. आवाजावरून गाडी ओळखणारा माणूस, पण पोरीच्या आवाजावरून त्यांना काही कळत नव्हतं.

श्रावणात एकदा तिचा फोन आला तो अवेळी, भल्या सकाळी.

"बाबा, एक सांगायचं होतं. अंगणात झेंडू आलाय. खूप. आणि आज पहाटे शेजारच्या काकू आल्या होत्या. पूजेपुरती चार फुलं पाह्यजे म्हणाल्या."

भगवंतराव उठून उभे राहिले. "मंग?"

"मग काय? तोडा म्हटलं. झाडाला एक फूल ठेवलं नाही, बाबा. आणि जाताना मला म्हणाल्या, उद्या परत येतो, तू आमच्यातलीच हायेस, तुले कायची परवानगी विचारायची?"

भगवंतरावांनी घसा खाकरला. तरी डोळे भरलेच, आणि त्यांनी ते भरू दिले.

"पूनम," त्यांनी विचारलं, "टोपलं केवढं व्हतं?"

"केसरकाकूंच्यापेक्षा मोठं."

भगवंतरावांनी फोन कानापासून दूर केला, स्वयंपाकघराकडे तोंड केलं, आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "संजीवनी, आपली पूनम रुळली."